फाईल कोणी उघडली, हे कॉम्प्युटरला विचारायचं कसं

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. नाशिकमधल्या एका सीए सरांचं ऑफिस आहे, त्यांच्या मशीन्स मीच बघतो. रिटर्नची गर्दी नुकतीच उरकली होती, सोमवारी संध्याकाळी सातला सरांचा फोन, आवाज एकदम बारीक. "अरे, माझी पगाराची शीट कोणीतरी उघडलीय. पोरांना सगळ्यांचे आकडे माहितीयेत. कोणी उघडली तेवढं सांग, बाकी मी बघतो."

मी म्हटलं येतो. पोचलो तर सर कॅबिनचं दार लावून बसलेले आणि त्यांनी स्वतःच अर्धा तपास करून ठेवलेला. फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे 'ॲक्सेस्ड' समोर त्याच दिवशीची दुपारी १:०७ ही वेळ. "एक वाजता सगळे जेवायला खाली जातात, वर फक्त एक जण डबा खात असतो," सर म्हणाले. म्हणजे गुन्हेगार ठरला होता, फक्त मी मान डोलवायची बाकी होती.

मी मान डोलवली नाही. का नाही, ते सांगायला हा लेख. असे फोन मला वर्षातून पाचसहा तरी येतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकच चित्र असतं, की सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे कसं रजिस्टर असतं, नाव, गाडी नंबर, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, तसं कॉम्प्युटरच्या पोटात पण कुठेतरी रजिस्टर असणारच, आयटीवाल्याला फक्त ते पान काढायचंय. तर तसं रजिस्टर नसतं. म्हणजे ठेवता येतं, पण आपण सांगितल्याशिवाय तो ठेवत नाही. न सांगता जे राहतं ते म्हणजे धुळीत उमटलेली पावलं. ती वाचता येतात, पण वाचताना चुका पण होतात.

आधी त्या प्रॉपर्टीजमधल्या तीन वेळा बघू. क्रिएटेड, मॉडिफाईड, ॲक्सेस्ड. नावं सरळ वाटतात पण तिन्ही थोड्या थोड्या फसव्या आहेत.

क्रिएटेड म्हणजे फाईल 'त्या जागी' कधी आली. तुम्ही २०१९ सालची फाईल पेनड्राईव्हवरून आज कॉपी केली तर क्रिएटेड आजची दिसते आणि मॉडिफाईड मात्र २०१९ चीच राहते. म्हणजे फाईल जन्मायच्या आधीच बदलली गेली असं दिसतं. पहिल्यांदा बघणारा दचकतो, कोणीतरी तारखांशी खेळलंय म्हणतो, पण बहुतेक वेळा ती साधी कॉपीची खूण असते. उलट ही विसंगती कामाचीच आहे, ही फाईल इथे बाहेरून आणलीय हे तीच सांगते.

मॉडिफाईड म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी सेव्ह झाला. तीनमधली ही त्यातल्या त्यात भरवशाची. तरी एक गंमत आहे, एक्सेलमधे आजची तारीख आणणारा टुडेचा फॉर्म्युला टाकलेला असला की तुम्ही काहीही न बदलता नुसती शीट उघडून बंद करायला गेलात तरी तो विचारतो, बदल सेव्ह करू का? आपण सवयीने 'येस' दाबतो. झालं, मॉडिफाईड बदलली. कोणी एक आकडा इकडचा तिकडे केलेला नसतो.

आणि ॲक्सेस्ड. सगळी भांडणं हिच्यावरून होतात. हिचा अर्थ फाईल शेवटची कधी 'वाचली गेली', पण कोणी वाचली ते नाही, किती वेळा वाचली ते पण नाही. लायब्ररीतल्या पुस्तकाला मागे कार्ड असायचं ना, त्यावर तारखांचे शिक्के असायचे, तसं समजा, फक्त या कार्डावर एकच ओळ आहे आणि नवी तारीख लिहायची तर जुनी खोडरबरने पुसायची. सोमवारी दुपारी कोणी वाचली की शनिवारची तारीख गेली, कायमची.

आता ही एक ओळ तरी खरी असते का? तर मशीनवर अवलंबून. कारण नीट बघा, फाईल नुसती वाचायची म्हटली तरी डिस्कवर काहीतरी लिहावं लागतं, ती नवी तारीख. हजार फाईली वाचल्या की हजार वेळा लिहिणं आलं. हे खर्चिक आहे म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ च्या सुमारापासून, ही तारीख बदलत राहणं बाय डिफॉल्ट बंदच केलं. विंडोज ७ ला पण बंद. त्यामुळे तेव्हाच्या मशीनवर ॲक्सेस्डमधे जी वेळ दिसायची ती बऱ्याचदा फाईल तिथे आली तेव्हाचीच असायची आणि लोक तिच्यावरून एकमेकांची तोंडं बघत बसायचे. मग २०१८ मधे विंडोज १० च्या एका अपडेटपासून विंडोज स्वतः ठरवायला लागलं, म्हणजे काही मशीनवर चालू, काहींवर बंद, आणि ठरवताना डिस्कची साइज पण बघतं. त्यामुळे आधी आपल्या मशीनला विचारायचं. कमांड प्रॉम्प्टमधे 'एफएसयुटिल बिहेविअर क्वेरी डिसेबललास्टॲक्सेस' एवढं इंग्रजीत टाईप केलं की चालू का बंद ते सांगतं. हे न विचारता ॲक्सेस्डवर बोलणं म्हणजे बंद पडलेल्या घड्याळात वेळ बघणं. दिवसातून दोनदा बरोबर येईल.

आणि चालू असलं तरी बारीक अटी आहेत. विंडोजची नेहमीची डिस्क एनटीएफएस पद्धतीची असते, तिच्यावर ही वेळ डिस्कवर लिहायला विंडोज तासाभरापर्यंत उशीर करू शकतं. पेनड्राईव्ह जुन्या फॅट पद्धतीचा असला तर तिथे ॲक्सेस्डची फक्त तारीख साठते, वेळ साठवायला जागाच नाही. पेनड्राईव्हवरच्या फाईलची ॲक्सेस्ड रात्री १२ दाखवते म्हणून कोणी 'मध्यरात्री उघडली' असं सांगत आलं तर त्याला आधी चहा पाजा.

लिनक्सवाल्यांकडे पण हेच दुखणं होतं, उलट जास्तच, कारण युनिक्समधे ही वेळ ठेवायची पद्धत फार जुनी, तिला एटाईम म्हणतात. बंद करायला जावं तर काही प्रोग्रॅम तिच्यावरच चालायचे. जुने मेल प्रोग्रॅम 'नवी मेल आलीय' हे कसं ओळखायचे, तर मेलबॉक्सची फाईल शेवटची बदलली कधी आणि शेवटची वाचली कधी हे बघून. बदल वाचण्यानंतरचा असला म्हणजे न वाचलेलं काहीतरी आहे. मग मधला रस्ता निघाला, रेलटाईम. फाईल मधे बदलली असेल किंवा आधीची नोंद चोवीस तासांहून जुनी असेल तरच वेळ नव्याने लिहायची, नाहीतर सोडून द्यायची. २००९ मधल्या २.६.३० या कर्नलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्तीपासून, लिनक्सवर हेच डिफॉल्ट आहे. म्हणजे सकाळी एकाने फाईल बघितली आणि दुपारी दुसऱ्याने बघितली तर दुपारचा माणूस कुठेच दिसणार नाही, नोंद सकाळचीच. फाईल कोणी वाचली हे शोधायला हे सगळं कधी बनवलंच नव्हतं, हे लक्षात ठेवलं की रागही येत नाही.

तर सरांचं मशीन. विचारलं तर चालू होतं. म्हणजे १:०७ ला फाईल खरंच वाचली गेली होती. सर माझ्याकडे बघायला लागले, बघ म्हटलं होतं ना. मी फोल्डर डिटेल्स व्ह्यूमधे लावला, वरच्या पट्टीवर राईट क्लिक करून 'डेट ॲक्सेस्ड' हा कॉलम आणला आणि त्यावर क्लिक करून सगळ्या फाईली वेळेप्रमाणे लावल्या. पगाराची शीट १:०७. तिच्या वरची, २०१६ सालच्या लाईटबिलाची स्कॅन कॉपी, १:०७. तिच्या वरचा दिवाळीच्या मिठाईचा कोटेशनचा पीडीएफ, १:०६. खाली सरांच्या मुलीच्या बारशाचे फोटो, १:०८. मुलगी आता नववीत आहे. जवळजवळ तीन हजार फाईली, सगळ्या १:०५ ते १:०९ च्या मधे, आणि फोल्डरमधल्या क्रमाने.

"सर, एवढ्या फाईली डबा खात खात कोणी उघडतं का?"

बॅकअप होता. दुपारी एकला बॅकअप सॉफ्टवेअर चालायचं, मीच लावलेलं, जेवायच्या वेळेत मशीन मोकळं असतं म्हणून. ते प्रत्येक फाईल वाचून बाहेरच्या डिस्कवर टाकायचं आणि वाचलं की ॲक्सेस्ड बदलायची. अँटीव्हायरस, सर्च इंडेक्स, फोटोंची छोटी चित्रं बनवणारा एक्सप्लोरर, हे सगळे दिवसभर फाईली वाचत असतात. त्यातले काही शहाणे असतात, वाचून झालं की जुनी तारीख परत ठेवतात, पण सगळे नाहीत. नुसतं प्रॉपर्टीज उघडून बघितलं तरी कधी कधी ही वेळ बदलते, म्हणजे तपास करणाऱ्याचाच ठसा उमटतो. डब्यावाला पोरगा वाचला, त्याला हे अजून माहीत नाही.

पण आकडे तर फुटले होते, ते खरंच. मग मी दुसऱ्या पावलांकडे वळलो.

विंडोजला आपल्या सोयीची फार काळजी. शेवटच्या उघडलेल्या फाईली पटकन मिळाव्यात म्हणून तो यादी ठेवतो आणि नेमकी ती यादीच तपासाला कामाची येते. विंडोजचं बटण आणि आर दाबून जो रनचा डबा येतो त्यात 'शेल' मग कोलन आणि 'रीसेंट' असं इंग्रजीत जोडून टाका, एक फोल्डर उघडेल. त्यात तुम्ही उघडलेल्या फाईलींच्या शॉर्टकट असतात, एलएनके म्हणजे लिंक फाईली. तुम्ही एखादी फाईल उघडली की विंडोज गुपचूप एक लिंक बनवतो. ही लिंक म्हणजे नुसतं नाव नाही, तिच्या आत मूळ फाईल कुठे होती, किती मोठी होती, तिच्या तिन्ही वेळा त्या क्षणी काय होत्या, ज्या डिस्कवर होती तिचा सीरियल नंबर, एवढं सगळं भरलेलं असतं. साधारणपणे लिंक बनली तेव्हा फाईल पहिल्यांदा उघडली आणि लिंक शेवटची बदलली तेव्हा शेवटची उघडली असं धरतात. मूळ फाईल डिलीट केली, पेनड्राईव्ह काढून घरी नेला, तरी लिंक इथेच बसलेली असते. मला या लिंक फाईलींचं फार कौतुक वाटतं, गावातल्या म्हाताऱ्या आत्यासारख्या असतात, कोण कधी आलं, काय घालून आलं सगळं पाठ.

विंडोज ७ पासून खालच्या पट्टीवरच्या एक्सेलवर राईट क्लिक केलं की शेवटच्या फाईली दिसतात ना, ती जंप लिस्ट, ती पण अशीच वेगळी साठते. वर्ड, एक्सेलची स्वतःची रीसेंट यादी वेगळी. कुठले फोल्डर उघडले होते त्यांच्या खुणा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग जिथे साठवतो तिथे, असतात, त्यांना शेलबॅग म्हणतात, फोल्डर उडवला तरी त्या बऱ्याचदा राहतात. प्रीफेच म्हणून एक फोल्डर आहे तो फाईलींपेक्षा प्रोग्रॅमचा हिशोब ठेवतो, विंडोज ८ पासून एखादा प्रोग्रॅम शेवटच्या आठ वेळा कधी चालला ते त्यात मिळतं. फोटो असतील तर त्यांची छोटी चित्रं थंबकॅशमधे राहून जातात, मूळ फोटो गेला तरी. आणि एखादं क्लीनर सॉफ्टवेअर चालवून हे सगळं कोणी पुसलं असेल तर मग रोज वापरातल्या मशीनवर ही यादी रिकामी कशी, हाच प्रश्न उभा राहतो.

सरांच्या मशीनवर पुसलं वगैरे काही नव्हतं. लिंक फाईली वाचणारं एक छोटं टूल माझ्याकडे पेनड्राईव्हवर असतं, ते चालवलं. पगाराच्या शीटची लिंक सापडली, शेवटची उघडली शनिवारी ६:१२ ला.

"सकाळी सव्वासहाला?" सर खुर्चीतून उठलेच. "ऑफिसची किल्ली फक्त माझ्याकडे आणि वॉचमनकडे असते!"

आता वॉचमन. मी म्हटलं बसा. ही वेळ आपली नाहीच. एनटीएफएस डिस्क वेळ साठवते ती जागतिक प्रमाणवेळेत, आपण बघतो तेव्हा विंडोज त्यात साडेपाच तास मिळवून दाखवतो. जुनी फॅट मात्र स्थानिक वेळच लिहिते. माझं टूल न मिळवता कच्ची वेळ दाखवतं. ६:१२ अधिक साडेपाच तास म्हणजे सकाळी ११:४२. साडेपाच तासांचा हा घोळ मी इतक्यांदा बघितलाय की वेळ सांगताना कुठली वेळ हे विचारल्याशिवाय मी पुढे बोलतच नाही.

शनिवार, ११:४२, सरांच्याच मशीनवर, सरांच्याच लॉगिनमधून. सर म्हणाले शनिवारी तर मी सिन्नरला क्लायंटकडे होतो. मग? मशीनला पासवर्ड होता का? नव्हता. म्हणजे होता, पण सकाळी एकदा टाकला की संध्याकाळपर्यंत उघडंच. लॉग, म्हणजे नोंदवही असो, नाहीतर लिंक असो, तो 'खातं' सांगतो, माणूस नाही सांगत. खुर्चीत कोण बसलं होतं हे त्याला दिसत नाही.

सरांनी अकाउंटवाल्या मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. मॅडमना क्षणभर सुद्धा विचार करावा लागला नाही. "सर, तुम्हीच नाही का सिन्नरवरून फोन केला होता, नवीन मुलीचा बेसिक किती धरलाय बघून सांगा म्हणून? मग मी तुमच्या कॅबिनमधे जाऊन उघडली, तुम्हाला रेंज नव्हती तर दोनतीनदा मोठ्याने सांगावं लागलं, तुम्ही म्हटलात बाकीच्यांचे पण सांगा."

कॅबिनच्या दाराशी दोन आर्टिकलची, म्हणजे सीए व्हायला सरांकडे शिकणाऱ्या पोरांची, टेबलं आहेत. दार तेव्हा उघडं होतं.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते जाऊ दे. पण उद्या खरंच कोणी उघडली तर कळायला पाहिजे, तसं काहीतरी कर." आता इथून खरं रजिस्टर सुरू होतं.

विंडोजमधे हे रजिस्टर आधीपासून आहे, त्याला ऑडिट म्हणतात, सीएच्या ऑफिसात हा शब्द ऐकून सगळे हसले. चालू करायला दोन कामं लागतात आणि निम्मे लोक पहिलं करून थांबतात, मग काहीच नोंद होत नाही म्हणून वैतागतात. पहिलं काम, वॉचमन नेमणं. लोकल सिक्युरिटी पॉलिसीत जाऊन ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसीखाली ऑब्जेक्ट ॲक्सेसमधलं फाईल सिस्टीम चालू करायचं. होम एडिशनला हा स्क्रीन नसतो, तिथे ऑडिटपोल नावाच्या कमांडने तेच होतं. दुसरं काम, वॉचमनला कुठल्या दारावर बसायचं ते सांगणं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधे सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ऑडिटिंग, तिथे कोणावर लक्ष ठेवायचं, म्हणजे बहुतेक वेळा 'एव्हरीवन', आणि कशावर, म्हणजे वाचणं, लिहिणं, डिलीट करणं, ते निवडायचं. वॉचमन नेमला आणि दार सांगितलं नाही तर तो खुर्चीत बसून पेपर वाचणार, दोष त्याचा नाही.

मग इव्हेंट व्ह्यूअरमधे सिक्युरिटी लॉगमधे नोंदी पडायला लागतात. तिथे लक्षात ठेवायचा नंबर ४६६३. या नोंदीत कुठल्या खात्याने, कुठल्या प्रोग्रॅममधून, कुठल्या फाईलला, काय केलं ते असतं. ४६५६ दिसला तर तो फक्त परवानगी मागितल्याचा, दारावर टकटक केल्यासारखा. ४६६० म्हणजे डिलीट. आणि फाईल शेअर केलेल्या फोल्डरमधे असून दुसऱ्या मशीनवरून उघडली असेल तर ५१४५, त्यात त्या मशीनचा आयपी पत्ता पण येतो, त्याच्यासाठी वेगळा ऑडिट चालू करावा लागतो.

प्रोग्रॅमचं नाव बघायला विसरू नका, सगळा अर्थ तिथेच असतो. लॉगमधे 'कॉपी केली' अशी नोंद नसते, कारण विंडोजच्या लेखी उघडणं आणि कॉपी करणं दोन्ही 'वाचणं'च. पण वाचणारा एक्सेल असला तर कोणीतरी शीट उघडली, एक्सप्लोरर असला आणि एका मिनिटात दोनशे फाईली वाचल्या असल्या तर कोणीतरी फोल्डर उचलून कुठेतरी टाकला, आणि बॅकअपचं नाव असलं तर झोपा. मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढला तर मात्र लॉगमधे काहीच येत नाही.

सगळ्या डिस्कवर ऑडिट लावून टाकू असं सरांना वाटत होतं. नको म्हटलं. त्यांना दाखवण्यासाठी प्रोसेस मॉनिटर चालवला, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं फुकट टूल, २००६ पासून आहे, कुठला प्रोग्रॅम या क्षणाला कुठल्या फाईलला हात लावतोय ते डोळ्यासमोर पळताना दिसतं. नुसतं एक्सेल उघडलं आणि एक शीट उघडली, दोन मिनिटात खालचा आकडा लाखाच्या पुढे. फॉन्ट, सेटिंग, डीएलएल, तात्पुरत्या फाईली. सर म्हणाले, एवढं काय करतो हा? हेच करतो, आणि म्हणून कुठलाच कॉम्प्युटर आपणहून प्रत्येक वाचनाची नोंद ठेवत नाही, ठेवायला गेला तर नोंदी ठेवण्यातच दिवस जाईल. शिवाय सिक्युरिटी लॉगची साइज सहसा २० एमबी असते, भरला की जुन्या नोंदीवर नव्या लिहायला लागतो. सगळ्या डिस्कवर ऑडिट लावला तर तो पटकन गोल फिरून स्वतःचंच शेपूट खाईल आणि नेमकी हवी ती ओळ गेलेली असेल. एक फोल्डर निवडा, लॉग मोठा करा, बास.

आत्ता या क्षणी फाईल कोणी उघडून ठेवलीय एवढंच हवं असेल तर इतकं करायची गरज नाही. रिसोर्स मॉनिटरमधे दिसतं, शेअर फोल्डर असेल तर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधे 'ओपन फाईल्स' बघा. लिनक्स आणि मॅकवर एलएसओएफ ही कमांड तेच सांगते. एक्सेल तर स्वतःच चुगली करतं, फाईल उघडी असेपर्यंत त्याच फोल्डरमधे तिच्या नावाची, पुढे नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह लावलेली एक लपलेली फाईल बनवतं आणि तिच्यात उघडणाऱ्याचं नाव लिहितं. 'अमुकने फाईल लॉक केलीय' असं दुसऱ्याला दिसतं ते त्यातूनच. लिनक्स सर्व्हरवर कायमचं रजिस्टर हवं असेल तर ऑडिटडी आहे, ज्या फाईलवर लक्ष ठेवायचं तिचा नियम टाकायचा आणि नंतर ऑसर्चने शोधायचं. तत्त्व तेच, आधी नेमा, मग विचारा.

फाईल क्लाऊडवर असेल तर हिशोब उलटा होतो. घरच्या मशीनवर नोंद अपवाद आणि तिकडे नोंद हाच नियम, कारण बहुतेक वेळा उघडणं सर्व्हरला विचारूनच होतं. फक्त ती नोंद तुम्हाला दिसेलच असं नाही. गूगलच्या ऑफिस किंवा शाळेच्या खात्यात गूगल शीट कोणी बघितली ते ॲक्टिव्हिटी डॅशबोर्डमधे दिसू शकतं, आपल्या साध्या जीमेलच्या खात्यात ती सोय नाही. मायक्रोसॉफ्टच्या कंपनी खात्यांत ॲडमिनला फाईल उघडल्याची नोंद मिळते आणि साध्या प्लॅनमधे ती १८० दिवस राहते.

अशा नोंदींवर किती मोठी प्रकरणं उभी राहतात त्याचं एक उदाहरण सांगतो. गूगलच्या विनाड्रायव्हर गाडीच्या प्रकल्पातला इंजिनीअर अँथनी लेव्हँडोव्हस्की. त्याने २०१६ च्या सुरुवातीला नोकरी सोडली, स्वतःची कंपनी काढली, ती उबरने घेतली. २०१७ मधे वेमोने, म्हणजे गूगलच्या त्याच प्रकल्पातून निघालेल्या कंपनीने, उबरवर खटला भरला त्यात म्हटलं होतं की जायच्या आधी त्याने १४,००० च्या वर फाईली, ९.७ जीबी, उतरवून घेतल्या, लॅपटॉपला मेमरी कार्डचा रीडर लावला आणि मग लॅपटॉप पुसून नव्याने इन्स्टॉल केला. लॅपटॉप पुसला, पण नोंदी तर लॅपटॉपच्या बाहेर पण होत्या ना. पुढे फौजदारी केस झाली, २०१९ मधे ३३ आरोप लागले, आणि शेवटी २०२० मधे त्याने गुन्हा कबूल केला तो एकाच फाईलचा, प्रकल्पाच्या दर आठवड्याच्या प्रगतीची शीट, जी त्याने राजीनामा दिल्यानंतर सुद्धा उघडून बघितली होती. १८ महिन्यांची शिक्षा झाली, जानेवारी २०२१ मधे अमेरिकेच्या अध्यक्षांनी माफ केली. चौदा हजार फाईलींचा गवगवा आणि कबुली एका स्प्रेडशीटची.

आपल्याकडे प्रकरण तिथवर जायची शक्यता वाटत असेल तर पहिलं काम, त्या मशीनला हात लावू नका. उत्सुकतेपोटी फाईली उघडून बघत बसलात तर ॲक्सेस्ड तुमची, लिंक तुमची, सगळी पावलं तुमचीच. बंद करा, डिस्कची हुबेहूब प्रत जाणकाराकडून काढून घ्या आणि प्रतीवर तपास करा. कोर्टात कॉम्प्युटरची नोंद नुसती प्रिंट काढून चालत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं. आधी ते पुरावा कायद्याच्या ६५ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसाच, द्यावी लागते. हे प्रमाणपत्र लागतंच असा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून आलेला आहे, तिथे पण वाद वेळेचाच होता, उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला का नंतर, आणि पुरावा म्हणजे निवडणूक ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. आणि उलट बाजू पण आहे, दुसऱ्याच्या मशीनमधे मालकाच्या परवानगीशिवाय शिरून हे सगळं बघणं हा आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मधे बसणारा प्रकार आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवऱ्याचा लॅपटॉप, बायकोचा लॅपटॉप असे पण फोन येतात मला. त्यांना मी सरळ नाही म्हणतो.

ऑफिसच्या मशीनवर मालक ऑडिट लावू शकतो, पण स्टाफला सांगून लावा असं माझं मत आहे. सरांना पटायला वेळ लागला. शेवटी त्यांनी मंगळवारी सगळ्यांना बोलावून सांगितलं की पगाराच्या फोल्डरवर नोंद राहणार आहे, मग मी प्रत्येकाचं वेगळं लॉगिन केलं, पाच मिनिटं हात लावला नाही तर स्क्रीन लॉक होईल असं केलं, ऑडिट फक्त त्या एका फोल्डरवर लावला, लॉग मोठा केला आणि बॅकअपची वेळ दुपारी एकवरून रात्री दोनवर नेली, म्हणजे परत जेवायच्या वेळेचा गोंधळ नको. ४६६३ चं फिल्टर कसं लावायचं ते सरांना एका कागदावर लिहून दिलं.

शुक्रवारी सकाळी नऊला फोन. आवाज परत तसाच बारीक.

"अरे, रात्री दोन वाजता कोणीतरी सगळा फोल्डर वाचलाय."

"सर, प्रोग्रॅमचं नाव काय आहे बघा."

कागद उलटल्याचा आवाज आला, मग माऊसच्या चाकाचा. मग सर म्हणाले, "बरं, ठेव फोन."